दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा

१. नकार

मास्तर कोठडीतच वारले ही वार्ता वकीलबाईंच्या कानी पडली, तेव्हा त्यांच्या हातात मास्तरांच्याच जामिनाचा अर्ज होता. तो टेबलावर तसाच टाकून त्या तडक रुग्णालयात पोहोचल्या.

शवागाराबाहेरच्या अरुंद ओसरीत एका बाकावर काकू बसल्या होत्या. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत मास्तरांचे धुतलेले कपडे. ते द्यायला म्हणून त्या सकाळी तुरुंगाच्या दारात गेल्या होत्या, आणि तिथून त्यांना इकडे धाडण्यात आले होते. त्या रडत नव्हत्या. मनुष्य इतका थकतो की रडणेही त्याला काम वाटू लागते. तशी त्यांची अवस्था होती.

मास्तरांनी उभा जन्म मुलांना भूगोल शिकवला. वकीलबाईही त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. निवृत्तीनंतर हा गृहस्थ कुणाच्या अध्यात ना मध्यात. मात्र मध्यंतरी मित्रांच्या एका खासगी बैठकीतल्या त्यांच्या भाषणाचे ध्वनिमुद्रण गावभर पसरले. त्यात मास्तर म्हणत होते, ‘‘बरं वाटलं की आभार मानायला आपण प्रार्थनागृहात धावतो. मग घरातलं मूल गेलं, तर जाब विचारायला त्याच दारात का जायचं नाही? भिंतीशी बोलण्याला आपण प्रार्थना म्हणतो आणि भिंतीच्या गप्प बसण्याला कृपा.’’ एवढ्या वाक्यांवर लोक खवळले. श्रद्धेचा अवमान करणाऱ्यांसाठी जो कायदा आहे, त्याखाली मास्तरांना नेण्यात आले. हृदय आधीच दुबळे होते. ते कोठडीच्या हवेत टिकले नाही.

काकूंच्या शेजारी मास्तरांचे धाकटे भाऊ उभे होते. सारे त्यांना धाकटेच म्हणत. ते त्याच प्रार्थनागृहाचे प्रवचनकार, आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातले काम खाली ठेवावे. या क्षणी मात्र तो जेमतेम ऐकू येत होता.

खाली मान घालून त्यांनी निरोप सांगितला. मुख्य विश्वस्तांनी मास्तरांच्या देहावर अंतिम प्रार्थना म्हणण्यास मनाई केली होती. ज्याने श्रद्धेला भिंत म्हटले, त्याच्यासाठी भिंतीशी कशाला बोलायचे, असे ते म्हणाले होते. तथापि एक वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. मास्तर ते मनापासून बोलले नव्हते, असे त्या बैठकीत हजर असलेल्या कुणी चारचौघांत शपथेवर सांगितले, तर प्रार्थना होईल. मुदत उद्या दुपारपर्यंत.

‘‘अगं, ते रोज प्रार्थना करायचे,’’ काकू वकीलबाईंना म्हणाल्या. ‘‘मी पाहिलंय ना. पण बायकोची साक्ष कोण धरतं? बाकी काही नको मला. त्यांना तसंच पाठवू नकोस.’’

वकीलबाईंना तुरुंगातली शेवटची भेट आठवली. जाळीपलीकडून मास्तरांना त्यांनी पुन्हा पुन्हा विनवले होते की, सर, एकदा म्हणा, मला तसं म्हणायचं नव्हतं. पुढचं मी बघते. मास्तर हसले होते. ‘‘मी मनापासून बोललो नाही असं म्हटलं, तर जो मनापासून बोलेल तो गुन्हेगार ठरला की नाही? मग त्याचं काय करायचं?’’ एवढे बोलून त्यांनी विषय बदलला होता. वकीलबाईंना तो तात्त्विक हट्ट वाटला होता. आज प्रथमच त्यांच्या मनात आले की मास्तरांचा तो ‘जो’ कुणी हाडामांसाचा माणूस तर नसेल?

‘‘बैठकीला कोण कोण होतं काकू?’’

‘‘चष्म्याच्या दुकानात जमायचे. कोण ते कधी सांगितलं नाही.’’ मग काकूंनी पिशवी छातीशी धरली. ‘‘पण आवाज चोरणारा त्या खोलीतलाच असणार. बाहेरून कोण येतंय?’’

२. भिंगदादांची खोली

चष्मेवाल्याला गाव भिंगदादा म्हणे. दुकानापाठीमागे एक खोली होती. तिथे भिंगे घासण्याचे जुने यंत्र, एक मोडका आरसा आणि वेगवेगळ्या घरांतून आल्यासारख्या दिसणाऱ्या खुर्च्या. सुट्टीच्या दुपारी याच खोलीत बैठक भरे.

वकीलबाई आत शिरल्या तेव्हा भिंगदादा यंत्रावर वाकले होते. यंत्राचा आवाज विलक्षण होता. आधी संथ घरघर, मग भिंगाची कड फिरली की दात खाल्ल्यासारखी किरकिर, पुन्हा घरघर. ‘‘चालूच राहू द्या,’’ असे वकीलबाई म्हणाल्या, तेव्हा दादा उत्तरले की ते तसेही बंद करणार नव्हते. हात रिकामे राहिले की त्यांचे कान झोपतात. बैठक चालू असतानाही ते भिंगे घाशीत.

मग त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. बैठकीला ते स्वतः, मास्तर, रुग्णालयातली सिस्टर आणि लाकडाच्या वखारीचे मालक येत. मोबाईल बाहेर काउंटरवर ठेवण्याची शिस्त होती. मास्तरांना पकडून नेले त्या दिवसापासून कुणी फिरकले नव्हते, आणि साक्ष द्यायला कुणीही येणार नव्हते.

‘‘तुम्हीसुद्धा?’’

‘‘मला दुकान आहे.’’ दादांनी मान वर केली नाही. ‘‘आणि मास्तरला शब्द दिलाय.’’

वकीलबाईंनी पोलिसांकडून मिळालेले संपूर्ण मुद्रण कानाला लावले. गावभर फिरला तो त्याचा तुकडा होता. त्यांनी ते पूर्वीही ऐकले होते. परंतु त्या खोलीत बसून ऐकणे वेगळे. मास्तरांच्या आवाजामागे तीच घरघर, तीच किरकिर होती. दोन गोष्टी त्यांना खटकल्या. मुद्रण एकदम मास्तरांच्या पहिल्या शब्दापासूनच सुरू होत होते. खुर्ची सरकली नाही, कुणी खाकरले नाही, जणू आधीचे कापड कात्रीने कापून टाकले होते. दुसरी गोष्ट मध्यावर. प्रार्थनागृहाची घंटा ऐकू येते, मास्तर वाक्य अर्धेच सोडतात, घंटा थांबेपर्यंत चकार शब्द काढीत नाहीत, आणि मग पुढचा शब्द उच्चारतात. सरकारी वकिलाने या शांततेला कुचेष्टा ठरवले होते.

‘‘घंटा झाली तेव्हा सर काय करत होते, दादा?’’

भिंगदादांनी यंत्र बंद केले. खोली एकाएकी मोठी वाटू लागली.

‘‘डोळे मिटून उभा होता,’’ ते म्हणाले. ‘‘ओठ हलत होते. श्रद्धेच्या विरुद्ध बोलता बोलता मध्येच प्रार्थना उरकून घेतली त्यानं. वखारवाल्याला हसू आलं.’’

‘‘म्हणजे जे बोलत होते ते त्यांचं मत नव्हतं.’’

दादांनी शेजारचा एक चष्मा उचलून वकीलबाईंच्या नाकावर चढवला. समोरची भिंत वितळल्यासारखी झाली, त्यांचे डोळे दुखू लागले.

‘‘कसं वाटतं? आमच्या बैठकीचा तोच एक नियम होता. स्वतःचं मत मांडायचं नाही. ज्याला जे पटत नाही, त्याची बाजू त्यानं जीव तोडून मांडायची. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून बोलायचं. डोकं दुखतं, पण तो बिचारा रोज काय बघतो ते कळतं.’’ आणि लगेच, आपण फार बोललो हे ध्यानात येऊन, त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केले.

वकीलबाई दुकानाबाहेर आल्या आणि पायरीवरच थबकल्या. श्रद्धाळू मास्तर श्रद्धेविरुद्ध बोलले, आणि तेही आधीच्या कुणाला उत्तर द्यावे तसे. मग श्रद्धेच्या बाजूने कोण बोलले? ज्याची श्रद्धाच उरलेली नाही, असा त्या खोलीत कोण होता?

३. एकमेकांवर बोट

सिस्टर पट्ट्यांची गुंडाळी करीत होती. मास्तरांचे नाव काढताच तिचे डोळे भरून आले, परंतु जिभेची धार गेली नाही. आपण दिवसभर माणसांची नाडी बघतो, पोलिसांकडे चुगल्या करायला सवड कुणाला, असे ती म्हणाली. संशयच घ्यायचा तर वखारवाल्यांचा घ्या. ‘‘प्रार्थनागृहाच्या दारात त्यांच्या नावाची फरशी आहे. अख्खा गाव त्यांच्या नावावर पाय देऊन आत जातो, आणि यांना वाटतं मान वाढला.’’

त्या दिवशी ती स्वतः कशावर बोलली होती? लस टोचण्याच्या विरोधात. बोलून झाल्यावर दोन घास गेले नव्हते तिला. श्रद्धेच्या बाजूने कोण बोलले हे विचारताच मात्र ती गुंडाळलेली पट्टीच एकाएकी उलगडू लागली.

वखारवाले भुशाच्या ढिगाऱ्याआड बसले होते. नियमाप्रमाणे त्यांनी त्या दिवशी जंगलतोडीविरुद्ध भाषण केले होते, आणि ते इतके रंगले की घरी येईपर्यंत स्वतःचाच धंदा बंद करावा असे वाटू लागले होते. सिस्टरवर त्यांचाही भरवसा नव्हता. ‘‘सुई टोचायच्या आधी हसते ती बाई. असल्या माणसाला काय सांगायचं?’’

वकीलबाईंनी त्यांना सरळ विचारले, उद्या दुपारी येऊन शपथेवर दोन वाक्ये बोलाल का? वखारवाल्यांचा चेहरा पडला. ते तळव्यावरचा भुसा झाडू लागले.

‘‘बोलेन हो. पण विश्वस्त पुढचा प्रश्न विचारतीलच ना? तुम्हीही विचारताय. मास्तरनं तुरुंगातून निरोप धाडून आम्हा तिघांकडून शब्द घेतला. म्हणाला, माझं नाव बुडालं तर बुडू दे, त्याचं घेऊ नका.’’

‘‘त्याचं म्हणजे कुणाचं?’’

वखारवाले उठले आणि फळ्या मोजण्याचा बहाणा करीत आत निघून गेले.

तिघेही खोटे बोलत नव्हते, हे वकीलबाईंना पटले. भिंगदादा यंत्रावर होते, सिस्टर लशीवर बोलली, वखारवाले जंगलावर. तेव्हा खोलीत आणखी एक मनुष्य होता. मास्तरांनी कोठडीत प्राण सोडला, पण ज्याचे नाव ओठांवर येऊ दिले नाही असा. आणि तो मनुष्य बाहेर हिंडत होता, जेवत होता, झोपत होता.

४. काकूंचे घर

संध्याकाळी मास्तरांच्या घरात दिवा लागला होता, पण दारात चपला नव्हत्या. ज्या गावात कुणाचे कुत्रे मेले तरी शेजारी डोकावतात, त्या गावात मास्तरांच्या घरी सांत्वनाला एक माणूस आला नाही. भिंतीवरच्या नकाशांना बरेच दिवस कुणी पुसले नव्हते.

काकू भिंतीला टेकून मोबाईलवर प्रवचन ऐकत होत्या. प्रार्थनागृहाच्या कार्यालयातून दर आठवड्याला धाकट्यांचे प्रवचन घरोघर पाठवले जाई. हे जुने होते, मास्तर गजाआड गेले त्याच आठवड्यातले. काकू ते तेव्हापासून रोज ऐकत. ‘‘दुःखात कुणीतरी ऐकतंय हे ठाऊक असणं, हेच अर्धं औषध,’’ धाकट्यांचा आवाज सांगत होता. ‘‘इतकं गोड ते कधी बोलले नाहीत,’’ काकू म्हणाल्या.

वकीलबाई पाण्याचा पेला तोंडाशी नेत होत्या. तो तिथेच थांबला.

त्या गोड आवाजाच्या मागे, दूरवर, संथ घरघर होती. मग दात खाल्ल्यासारखी किरकिर. पुन्हा घरघर.

‘‘काकू, हे प्रवचन त्यांनी कुठे दिलं?’’

‘‘आता आणखी कुठे देणार? प्रार्थनागृहातच.’’ पण बोलता बोलता काकूंच्या कपाळाला आठी पडली. ‘‘नाही गं. त्या आठवड्यात तिथे रंगकाम चाललं होतं. सभागृहात कुणालाच सोडत नव्हते. कुठे बोलले असतील मग?’’

वकीलबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांनी विचारले, धाकटेकाका स्वतःची प्रवचने स्वतःच मुद्रित करतात का? काकू म्हणाल्या, अगदी तरुणपणापासून. घरी जाऊन ऐकायचे आणि कुठे चुकले ते शोधायचे, ही त्यांची रीत. छातीच्या खिशात छोटेसे यंत्र असे. बोलायला उभे राहिले की हात आपसूक खिशाकडे जाई; एकदा एका बारशाला आशीर्वादाचे दोन शब्द बोलतानाही गेला होता, तेव्हा सगळ्यांनी चिडवले होते. यंत्र मग दुसऱ्या दिवशी प्रार्थनागृहाच्या कार्यालयातल्या खुंटीवर, प्रवचनाच्या झग्याच्या खिशात जाई. कार्यालयातला कारकून ते काढून घेई आणि प्रवचन पाठवून देई.

‘‘आणि काकू, धाकटेकाकांच्या मुलीला जाऊन किती काळ झाला?’’

काकूंनी वकीलबाईंकडे पाहिले. त्या अशिक्षित नव्हत्या, आणि अजाण तर मुळीच नव्हत्या. त्यांनी प्रवचन बंद केले.

‘‘तापानं गेली पोर,’’ त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘‘पुढल्याच आठवड्यात भाऊजी प्रवचनाला उभे राहिले. मी ह्यांना म्हटलं होतं, काय हो ही श्रद्धा, दगडासारखी. हे काही बोलले नाहीत. नुसते उठून भावाकडे गेले.’’

५. प्रार्थनागृहामागची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळीच वकीलबाई प्रार्थनागृहामागच्या खोलीत पोहोचल्या. धाकटे एकटेच होते. समोर चहा निवून त्यावर साय धरली होती. वकीलबाईंना पाहून ते उभे राहिले नाहीत. मात्र त्यांच्या चेहऱ्यावर, कुणी ओझे उतरवायला हात लावावा तशी एक सुटका दिसली.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तरीही वकीलबाईंनी जे जे जुळवले ते धाकट्यांपुढे क्रमाने मांडले. पोलिसांकडचे मुद्रण एकदम सुरू होते, कारण त्याच्या आधीचा भाग कापून घेतलेला आहे. तो कापलेला भाग म्हणजेच त्या आठवड्याचे प्रवचन. दोन्हींच्या मागे भिंगदादांचे यंत्र आहे. ते प्रवचन नव्हतेच. ती बैठकीतली तुमची पाळी होती. बोलायला उभे राहताना सवयीने तुमचा हात खिशाकडे गेला, बसताना तो परत गेला नाही, आणि यंत्र सरांचे भाषण गिळत राहिले. दुसऱ्या दिवशी ते खुंटीवर लागले. प्रार्थनागृह बंद म्हणून तुम्ही घरीच बोलला असाल, असे समजून कारकुनाने पहिला भाग नेहमीप्रमाणे पाठवला. मग त्याने पुढचे ऐकले.

‘‘आवाज चोरला नाही कुणी,’’ वकीलबाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही बंद करायला विसरलात, एवढंच.’’

‘‘एवढंच असतं तर बरं होतं.’’ धाकट्यांनी प्रथमच तोंड उघडले. त्यांनी जे सांगितले ते ऐकताना वकीलबाईंना बसावे लागले. कारकुनाने मुद्रण मुख्य विश्वस्तांकडे नेले. विश्वस्तांना नियमाची कल्पना नव्हती. त्यांनी ऐकले ते असे की, नास्तिकांच्या अड्ड्यात त्यांचा प्रवचनकार एकटा श्रद्धेची बाजू लढवतो आहे, आणि सख्ख्या भावाविरुद्ध पुरावाही घेऊन येतो आहे. त्यांनी धाकट्यांना मिठी मारली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, तुमच्यासारखा माणूस शतकात एखादा. आणि तुमचे नाव आम्ही कुठेही येऊ देणार नाही. संध्याकाळपर्यंत मास्तरांना पकडले होते.

‘‘मी त्या मिठीत गप्प उभा होतो,’’ धाकटे म्हणाले. ‘‘तोंड उघडलं असतं तर म्हणावं लागलं असतं की अहो, जे माझा दादा बोलला ते माझं आहे. त्या दिवशी तो माझं मन बोलत होता आणि मी त्याचं. पोर गेल्यावर मी त्याच्यापाशी ओकलो होतो ते सगळं. मूल गेलं तर जाब का विचारायचा नाही, ते मी त्याला विचारलं होतं. त्यानं माझ्यापेक्षा नीट मांडलं. ऐकताना मला वाटलं, कुणीतरी शेवटी माझं ऐकलं.’’

वकीलबाईंनी विचारले, तुमची श्रद्धा उरली नव्हती, मग त्या बैठकीत तुम्हाला श्रद्धेचीच बाजू मांडावी लागली असेल. तुमचे रोजचेच काम. मग जायचे तरी कशाला?

धाकटे कडवट हसले. ‘‘रोजचंच. फरक इतकाच, तिथे बसलेल्यांना ठाऊक होतं की हे माझं नाही. तेवढ्यानंही छाती हलकी व्हायची.’’

तुरुंगात ते भावाला भेटले होते. सगळे सांगून टाकतो म्हणाले होते. मास्तर त्यांना लहानपणी रागवायचे तसे रागावले. मी श्रद्धा असूनही इथे आहे, तुला तर नसल्याबद्दल सडवतील; आणि घरी तुझी दुसरी पोर लहान आहे. धाकट्यांनी ऐकले. मोठ्या भावाचे ऐकणे त्यांना नेहमीच सोपे वाटत आले होते, आणि या वेळी तर ते सोयीचेही होते. हे वाक्य त्यांनी स्वतःच उच्चारले.

वकीलबाईंनी त्यांना दोष दिला नाही. त्यांना तो देता आला नाही. त्यांनी एवढेच सांगितले की काकूंना सारे कळले आहे. दुपारी मास्तरांना नेतील. आणि त्या बैठकीतला माणूस शपथेवर बोलला नाही तर प्रार्थना होणार नाही. बोलला तर काय होईल, तेही तुम्हाला ठाऊक आहे. वकील म्हणून माझा सल्ला विचाराल, तर गप्प राहा.

‘‘आणि त्याची विद्यार्थिनी म्हणून?’’

वकीलबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या. जाताना त्यांनी दार उघडेच ठेवले.

६. अंतिम प्रार्थना

दफनभूमीत माणसे मात्र पुष्कळ आली होती. शोकापेक्षा कुतूहलाला गर्दी जास्त जमते. मुख्य विश्वस्त पुढे उभे होते, पांढरेशुभ्र, गंभीर, आणि खरोखरच दुःखी. मास्तरांनी त्यांच्या दोन्ही मुलांना नकाशे शिकवले होते. कोपऱ्यात भिंगदादा, सिस्टर आणि वखारवाले एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभे होते. फाटकाशी एक हवालदार होता.

विश्वस्तांनी विचारले, त्या बैठकीतला कुणी आहे का?

धाकटे पुढे आले. झगा घातलेला नव्हता. त्यांना पाहून विश्वस्तांनी नकळत हात पसरले, पण धाकटे हाताच्या अंतरावरच थांबले.

‘‘मी होतो,’’ ते म्हणाले. ‘‘तिथला नियम असा की आपल्याला जे पटत नाही तेच बोलायचं. माझा दादा श्रद्धावान होता, म्हणून त्याला विरुद्ध बोलावं लागलं. मी श्रद्धेच्या बाजूनं बोललो. त्याचा अर्थ काय, तो तुम्हीच लावा. तुम्ही ज्या शब्दांसाठी त्याला आत टाकलंत ते माझे शब्द आहेत. माझी मुलगी गेली तेव्हापासून मला ते खरे वाटतात. आजही वाटतात.’’

विश्वस्तांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. ते कठोर होते, परंतु दिलेला शब्द मोडणारे नव्हते.

‘‘मास्तरांचा प्रार्थनेवर हक्क आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तो मी देतो. पण ती म्हणणार कोण? तुम्हाला तो अधिकार राहिला नाही. आणि ज्या माणसाला मी तुरुंगात धाडलं, त्याच्या देहापाशी ती म्हणण्याचं तोंड मला नाही.’’

कुणीही पुढे आले नाही. वकीलबाईंच्या मनात आले, एवढे सारे करून मास्तर तसेच जाणार. तेवढ्यात काकू उठल्या. त्या दिराजवळ गेल्या आणि त्यांच्या सदऱ्याची विस्कटलेली कॉलर नीट केली, जशी बाईमाणूस घरातून निघणाऱ्या पुरुषाची करते.

‘‘तुम्ही म्हणा भाऊजी.’’

‘‘वहिनी, मला त्यातलं काही—’’

‘‘ठाऊक आहे मला. त्यांना होतं ना खरं वाटत? मग त्यांच्यासाठी म्हणा. तुमच्या आवाजात ऐकायला आवडायचं त्यांना.’’

विश्वस्तांनी पाठ फिरवली आणि ते फाटकाकडे चालू लागले. निम्मी गर्दी त्यांच्यामागे गेली. निम्मी राहिली.

धाकट्यांनी प्रार्थना म्हटली. आवाज एकदाही कापला नाही. फक्त शेवटाकडे एक ओळ येते, ‘‘तू ऐकतोस, हे मी जाणतो.’’ तिथे ते थांबले. ओठ हलले, पण शब्द उमटला नाही. तेव्हा ती एक ओळ काकूंनी म्हटली, घरात म्हणतात तशी, साध्या आवाजात. पुढचे धाकट्यांनी पूर्ण केले.

हवालदार माती पडेपर्यंत थांबला. मग जवळ येऊन ओशाळल्या स्वरात म्हणाला की साहेबांनी बोलावले आहे.

पोलीस ठाण्यात वकीलबाईंनी वकीलपत्रावर सही घेतली. धाकट्यांनी विचारले, न्यायालयात काय सांगाल? मनापासून बोललो नाही असे सांगायची आता सोय नव्हती. वकीलबाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही मनापासून बोललात असं सांगेन. आणि तसं बोलायचा माणसाला हक्क असला पाहिजे, असंही.’’

‘‘सुटेन?’’

खोटे बोलणे त्यांना शक्य होते. पक्षकाराशी वकील अनेकदा तसे बोलतात. ‘‘मला नाही वाटत, काका.’’

धाकट्यांनी मान डोलावली. त्यांची चिंता वेगळी होती. वहिनी कालपासून अन्नाला शिवलेल्या नाहीत, त्यांना आधी घरी पोहोचवा, एवढे ते म्हणाले.

वकीलबाई बाहेर आल्या. काकू ठाण्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ऊन पायांवर आले होते, तरी सरकल्या नव्हत्या. वकीलबाईंनी त्यांना उठवण्यासाठी हात पुढे केला.

‘‘ह्यांना नेलं तेव्हा मी घरी जाऊन वाट बघितली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘या वेळी इथेच बसते.’’

वकीलबाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि त्याही काकूंच्या शेजारी पायरीवर बसल्या.